ट्रिमरला प्लंज बेस हवा की नको?



आपल्या शाळेच्या सुतारकाम कार्यशाळेसाठी एक यंत्र घ्यायचे आहे. त्याच्याबरोबर एक जोडसामान घ्यायचे की नाही, यावर विश्वस्त मंडळाच्या मागील बैठकीत बराच वेळ चर्चा झाली. यंत्राचे नाव ट्रिमर आणि जोडसामानाचे नाव प्लंज बेस. एका सदस्यांनी रास्त प्रश्न विचारला की, चांगल्या कंपनीचा प्लंज बेस घेतला तर त्या पैशांत दुसरा साधा ट्रिमर येतो, मग ही वस्तू खरोखर लागते का, की दुकानदार म्हणतो म्हणून घ्यायची? याचे उत्तर आम्ही बैठकीतच एका शब्दात देऊ शकलो असतो. परंतु हा प्रश्न नववी ते बारावीच्या मुलांना शिकवण्यासारखा आहे. त्यात थोडी भूमिती आहे, थोडे भौतिकशास्त्र आहे, हिशेब आहे आणि आपली देवनागरी लिपीसुद्धा आहे. म्हणून तो येथे सविस्तर मांडतो.

आधी शब्दांविषयी. आम्ही सुतार नाही, आणि आमचे सगळे शिक्षण हिंदीतून झाले. ज्याला आमच्या पुस्तकात 'रुखानी' म्हणत, त्याला घरी आजोबा 'पटाशी' म्हणत. 'रंदा' आणि 'रंधा' यांत एका अक्षराचाच फरक. पण ट्रिमर, कॉलेट, बिट आणि प्लंज बेस या शब्दांना दोन्ही भाषांत मिस्त्रींनी जसेच्या तसे स्वीकारले आहे, म्हणून आम्हीही तेच वापरतो. उगाच 'निमज्जन आधार' असा शब्द घडवला तर दुकानात तो कोणी ओळखणार नाही.

ट्रिमर म्हणजे हातात मावेल एवढी उभी मोटर. तिच्या खालच्या टोकाला कॉलेट नावाची पकड असते, त्या पकडीत कापणारे बिट बसते आणि मोटरच्या भोवती एक बूड असते, जे लाकडावर टेकते. बुडाच्या भोकातून बिट जेवढे खाली डोकावेल तेवढा खोल काप पडतो. साध्या ट्रिमरची मोटर साधारण ५०० ते ७०० वॅटची असते आणि ती मिनिटाला ३०,००० फेऱ्यांपर्यंत फिरते. मोठा राउटर याचाच थोरला भाऊ. त्याची मोटर दुप्पट-तिप्पट ताकदीची, वजन जास्त आणि त्यात १२ मि.मी.पर्यंत जाड दांड्याचे बिट बसते. ट्रिमरमध्ये बहुधा ६ मि.मी.चेच.

ट्रिमर हे नाव पडले ते सनमायकामुळे. १९१२-१३ च्या सुमारास अमेरिकेत हर्बर्ट फेबर आणि डॅनियल ओकॉनर या दोघांनी विजेच्या कामात अभ्रकाऐवजी वापरता येईल असा कागद व राळेचा थर तयार केला. इंग्रजीत अभ्रकाला मायका म्हणतात. त्या 'मायकाच्या ऐवजी' या अर्थाने त्यांनी मालाचे नाव ठेवले फॉर्मायका. पुढे तोच थर टेबलांवर चिकटवायला लागला. सनमायका हेही मुळात एका कंपनीच्या मालाचे नाव, पण आपल्याकडे ते सगळ्याच थरांचे नाव झाले. हा थर फळीपेक्षा थोडा मोठा कापून चिकटवतात आणि बाहेर राहिलेला भाग फळीच्या कडेबरोबर छाटतात. ही छाटणी करणारे छोटे यंत्र म्हणजे ट्रिमर. मूळ काम कडेचे, हे लक्षात ठेवा. पुढचा सगळा विचार यावरच उभा आहे.

आपल्या शाळेत दोन वर्षांपासून एक साधा ट्रिमर आहे. वर्गांतल्या बाकांवरची सनमायका उखडली होती, ती नव्याने बसवताना तो उपयोगी पडला. ते काम पूर्ण कडेचे होते. बिटच्या टोकाला एक छोटे बेअरिंग असते, ते फळीच्या कडेला टेकून घरंगळत जाते आणि वरची पाती बाहेर आलेला थर छाटतात. यंत्र हवेत असतानाच सुरू करायचे, बूड फळीवर सपाट ठेवायचे आणि बाहेरून आत कडेला लावायचे. बाहेरच्या कडेने जाताना यंत्र घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवायचे, म्हणजे बिट लाकडाला आपल्याकडे ओढून पळत नाही. या कामात बिट वरून लाकडात घुसवण्याची गरज एकदाही पडत नाही. दाराच्या बिजागरीची खाच, कपाटाच्या फळीच्या कडेची गोलाई, चौकटीच्या मागची काचेची पायरी, फळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारी खाच, ही सगळी कामे याच जातीची. ती कडेपासून सुरू होतात. ज्याला एवढीच कामे करायची आहेत त्याने प्लंज बेसवर पैसा घालवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. आपल्या पालकांपैकी जे फर्निचरचे काम करतात, त्यांनाही हाच अनुभव असेल.

मग प्रश्न आलाच का? तो आला वर्गांच्या पाट्यांमुळे.

यंदा अकरावीच्या मुलांनी ठरवले आहे की शाळेतल्या चौदा खोल्यांवर सागवानी पाट्या लावायच्या आणि त्यांवर नावे मराठीत कोरायची. आज त्या दारांवर इंग्रजी छापील स्टिकर आहेत आणि काहींची अर्धी अक्षरे गळून पडली आहेत. ज्या संस्थेने चार पिढ्या मराठी जपली, तिच्या दारांवर मराठी नावे नसावीत हे मुलांना खटकले, याचा आम्हाला आनंद झाला. सागवान तर मध्य प्रदेशाच्या जंगलांचेच धन आहे, आणि आपल्याकडे एका जुन्या दरवाजाच्या फळ्या पडूनही आहेत. लाकूड फुकटचे असले तरी पुन्हा मिळणारे नाही. एक पाटी बिघडली तर बदली फळी नाही. म्हणून 'मुलांचे काम आहे, चालायचेच' असे म्हणून हा प्रश्न आम्हाला सोडता येत नाही.

आता अक्षरांकडे पाहा. पाटीवर 'कला' कोरायचे आहे. मुले लिहितात तसे फटकारे मोजू: क ची उभी दांडी, डावीकडची वाटोळी, उजवीकडचा आकडा, ल ची वेलांटी, ल ची दांडी, पुढचा काना आणि वर शिरोरेषा. सात फटकारे झाले. यांतला एकही फटकारा फळीच्या कडेपासून सुरू होत नाही. प्रत्येकाचा आरंभ फळीच्या पोटात आहे. कोणी म्हणेल, आपली अक्षरे शिरोरेषेने जोडलेली असतात, एकदा बिट उतरवले की शिरोरेषेतून खाली दांडीत आणि परत वर असे सलग फिरता येईल. कागदावर हे खरे आहे. परंतु सरळ फटकारा सरळ यावा म्हणून यंत्राला टेकायला एक पट्टी शिकंज्याने बांधावी लागते, आणि दर फटकाऱ्याला ती पट्टी हलवावी लागते. वाटोळ्या फटकाऱ्यांसाठी प्लायवुडचा साचा बसवावा लागतो. म्हणजे दर वेळी यंत्र उचलायचे आणि पुन्हा फळीच्या मध्यातच उतरवायचे. चौदा पाट्या, प्रत्येकीवर सात ते पंधरा फटकारे. शंभराहून अधिक वेळा फिरते बिट वरून लाकडात जाणार.

साध्या ट्रिमरने हे करायची जी रीत बाजारात दिसते ती अशी. बुडाची पुढची कड फळीवर टेकवायची, मागची बाजू उचलून धरायची, यंत्र सुरू करायचे आणि हळूहळू मागची बाजू खाली आणायची. मिस्त्री याला 'तिरपा करून उतरवणे' म्हणतात. एका पालकांनी आम्हाला सांगितले, "सर, आम्ही वीस वर्षे असेच करतो, कधी काही झाले नाही." त्यांच्या हाताबद्दल आम्हाला आदर आहे. पण त्यांच्या हाताला वीस वर्षे झाली आहेत आणि आपल्या अकरावीच्या मुलाच्या हाताला वीस मिनिटे. एकाच रीतीचे दोघांच्या हातांत दोन अर्थ होतात.

ही रीत कुठे बिघडते ते गणिताने पाहू. समजा बूड ९० मि.मी. चौरस आहे आणि बिट त्याच्या बरोबर मध्यात आहे. म्हणजे टेकलेल्या पुढच्या कडेपासून बिट ४५ मि.मी. मागे. बिट बुडाखाली ६ मि.मी. बाहेर आहे. मग टेकलेल्या कडेपासून बिटच्या टोकापर्यंतचे तिरपे अंतर पायथागोरसच्या नियमाने ४५ चा वर्ग अधिक ६ चा वर्ग, यांच्या बेरजेचे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ४५.४ मि.मी. बिटचे टोक लाकडाला प्रथम लागते तेव्हा ते कडेपासून ४५.४ वर असते आणि यंत्र सपाट झाल्यावर ४५ वर येते. फरक अवघा ०.४ मि.मी.! यंत्राचा कलही त्या वेळी साडेसात अंशांहून किंचितच जास्त असतो. हा हिशेब पाहून वाटेल की एवढ्याशा फरकाचे काय घेऊन बसलात.

खरा दोष आकड्यात नाही, टेकण्यात आहे. यंत्र तिरपे असताना संपूर्ण बूड लाकडावर नसते, फक्त एक कड असते. त्या कडेला धरून ठेवायला घर्षण फार थोडे. बिट तिरपे असल्यामुळे ते सगळ्या बाजूंनी सारखे न कापता आधी एकाच बाजूने चावते. १२ मि.मी. व्यासाचे बिट मिनिटाला ३०,००० फेऱ्या घेत असेल तर सेकंदाला ५०० फेऱ्या होतात, आणि त्याची धार सेकंदाला सुमारे १८.८ मीटर धावते. ताशी ६८ किलोमीटर! आपल्या रस्त्यावरच्या मोटारीपेक्षा जास्तच. एवढ्या वेगाने एका बाजूला चावलेले बिट यंत्राला आडवे ढकलते, टेकलेली कड घसरते आणि फळीवर नको तिथे ओरखडा उठतो. अनुस्वार असेल तर तो गोल न राहता ओढला जातो आणि त्याचा स्वल्पविराम होतो. 'संगीत' या शब्दावर स्वल्पविराम कसा दिसेल याची कल्पना करा. फळी गेली ही एक गोष्ट. यंत्र उसळून बोटांकडे आले ही दुसरी, आणि आमच्या दृष्टीने पहिली तीच.

म्हणून कार्यशाळेसाठी एक नियम आम्ही आधीच केला आहे, प्लंज बेस येवो न येवो: आपल्या शाळेत यंत्र तिरपे करून उतरवायचे नाही.

तिरपे न करता साध्या बुडाने मध्यातून काम करायची दुसरी रीत आहे आणि ती चांगली आहे. जिथून सुरुवात करायची तिथे आधी ड्रिलने भोक पाडायचे, बिटपेक्षा थोडे मोठे. मग बंद यंत्र सपाट ठेवायचे, बिट त्या भोकात मोकळे राहील असे, आणि नंतर सुरू करायचे. पेटीत कुलूप बसवायची खाच किंवा फळीला आरपार खिडकी काढायची असेल तर ही रीत पुरेशी आहे, कारण भोकाची जागा पुढे कापूनच जाणार असते. पण अक्षराच्या फटकाऱ्याला भोक चालत नाही. फटकारा चार-पाच मि.मी. रुंद आणि त्याच्या टोकाला त्याहून मोठे भोक असेल तर अक्षर मुंग्या लागल्यासारखे दिसेल. अनुस्वार तेवढा ड्रिलमध्ये काउंटरसिंक बिट लावून सुबक होतो, हे आम्ही मान्य करतो. बाकीच्या फटकाऱ्यांना त्याचा उपयोग नाही.

आता प्लंज बेस काय करतो ते पाहा. यात बुडावर दोन उभे दांडे असतात, त्यांवर स्प्रिंग असतात आणि मोटर त्या दांड्यांवरून वर-खाली सरकते. सुरुवातीला बूड फळीवर पूर्ण सपाट बसते आणि बिट बुडाच्या वर लपलेले असते. यंत्र सुरू करायचे, दोन्ही मुठी धरून दाबायचे, बिट सरळ लंबरेषेत खाली जाते, ठरवलेल्या खोलीला अडते, खिट्टी आवळायची आणि फटकारा चालवायचा. टोकाला पोहोचलात की खिट्टी सोडा, स्प्रिंग मोटरला वर उचलते आणि बिट पुन्हा बुडाच्या आत जाते. मग यंत्र बंद करा. ज्या क्षणी मूल यंत्र उचलते त्या क्षणी धार उघडी नसते. साध्या बुडात मात्र बटण बंद केल्यावरही काही सेकंद बिट फिरत राहते आणि ते बुडाबाहेरच असते. शाळेच्या दृष्टीने प्लंज बेसचा हा गुण आम्हाला खोदकामापेक्षाही मोलाचा वाटतो, आणि जाहिरातींत याचा उल्लेख फारसा आढळत नाही.

खोली अडवणारा भाग पायऱ्यांचा असतो. एका पायरीला २ मि.मी., दुसरीला ४ मि.मी. असे ठरवून ठेवता येते. याचा अक्षरांशी थेट संबंध आहे. आपण ९० अंशांचे व्ही आकाराचे बिट वापरणार आहोत. त्याने जेवढी खोली, तिच्या दुप्पट रुंदी पडते. २ मि.मी. खोल गेलात तर फटकारा ४ मि.मी. रुंद. खोलीत अर्धा मि.मी. चुकला तर रुंदीत एक मि.मी. दिसतो, आणि शेजारीशेजारी दोन दांड्या असल्या की तो डोळ्यांना लगेच खुपतो. शिरोरेषा थोडी जाड आणि दांड्या थोड्या बारीक हव्या असतील तर दोन पायऱ्या दोन जाडींसाठी लावून ठेवता येतात. बोरूने लिहिणाऱ्यांना ही गोष्ट वेगळी सांगायला नको.

बिटविषयी एक सूचना. प्लंज बेस असला म्हणजे प्रत्येक बिट वरून उतरते असे नाही. फिरणाऱ्या बिटच्या बरोबर मध्यबिंदूचा वेग शून्य असतो. धार कडेला असेल आणि तळाला नसेल तर असे सरळ बिट लाकडात घुसत नाही, नुसते घासते आणि लाकूड जळते. म्हणून खरेदी करताना तळालाही धार आहे ना हे पाहावे. टोकाला बेअरिंग असलेले छाटणीचे बिट तर वरून उतरवताच येत नाही. व्ही बिटचे टोक अणकुचीदार असल्याने ते सहज जाते. सागवानात वाळूच्या जातीचे सिलिका असते, ते धार लवकर बोथट करते, म्हणून कार्बाइड लावलेली बिटे घ्यावीत. साधी पोलादी बिटे चार पाट्यांतच रडू लागतील.

प्लंज बेसचे गुण सांगितले, आता दोषही सांगितलेच पाहिजेत, नाहीतर हा लेख दुकानदाराने लिहिला आहे असे वाटेल. ट्रिमरचे प्लंज बेस लहान असतात. दोन दांडे जवळजवळ असल्यामुळे सैल बनावटीच्या बेसमध्ये मोटर किंचित डुलते, आणि मग सरळ उतरण्याचा सगळा फायदाच गेला. घेताना मोटर आवळून बसवून, हाताने हलवून पाहावी. दांडे आणि स्प्रिंग मध्ये आल्याने बिट नीट दिसत नाही. वजन वर चढते, त्यामुळे अरुंद कडेवर यंत्र लटपटते. म्हणून कडेच्या कामाला प्लंज बेस साध्या बुडापेक्षा वाईट. शिवाय प्रत्येक ट्रिमरला प्लंज बेस बसत नाही. आपला जुना ट्रिमर त्या जातीचा नाही. बाजारात ६५ मि.मी. व्यासाच्या मोटरला बसणारे 'सगळ्यांना चालणारे' बेस मिळतात, परंतु नुसता व्यास जुळणे पुरेसे नाही. मोटर किती उंच बसते आणि बिट खालपर्यंत पोहोचते का, हेही जुळावे लागते.

आणखी एक गैरसमज. काही विद्यार्थ्यांना वाटते की प्लंज बेस आला म्हणजे ट्रिमरने चूल-सालही होईल. स्टुलाच्या पायातले साल ३० मि.मी. खोल असते. ६ मि.मी.च्या बारीक बिटने कठीण लाकडात एका खेपेस ३ मि.मी.पेक्षा जास्त खोल जाऊ नये, म्हणजे एका सालाला दहा खेपा झाल्या, आणि त्यातही बिटची लांबी पुरेल याची खात्री नाही. चार पायांच्या स्टुलाला आठ साले धरा. ऐंशी खेपा घेऊन लहान मोटर तापवण्यापेक्षा पटाशी आणि मोगरी घ्या. ते काम मोठ्या राउटरचे किंवा हाताचे आहे, ट्रिमरचे नाही. कार्यशाळेत मोठा राउटर आणावा असाही एक विचार पुढे आला होता. अकरावीच्या मुलांच्या हातांत तेवढे वजन आणि तेवढी ताकद देण्यास आमची संमती नाही.

तेव्हा विश्वस्त मंडळापुढे आमचा प्रस्ताव असा आहे. फेऱ्यांचा वेग कमी-जास्त करता येईल असा एक नवा ट्रिमर त्याच कंपनीच्या प्लंज बेससह घ्यावा, आणि तो प्लंज बेसमध्येच कायम राहू द्यावा. जुना ट्रिमर कडेच्या कामासाठी आहे तसा ठेवावा. एकाच मोटरवर दोन बुडे आलटून-पालटून बसवण्यात पैसे वाचतात हे खरे, पण बदलताना खोली चुकते आणि एखादा स्क्रू ढिला राहतो. मुलांच्या कार्यशाळेत ही बचत नको.

परंतु खर्चाचा क्रम आम्ही वेगळा सुचवतो. या सगळ्याच्या आधी धूळ ओढणारे यंत्र, डोळ्यांचे चष्मे, कानांची संरक्षणे आणि मास्क. लाकडाच्या भुश्शाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातले आहे. ट्रिमरचा भुस्सा करवतीच्या भुश्शापेक्षा फार बारीक असतो आणि हवेत तरंगत राहतो. आपली कार्यशाळा तळघरात आहे, खिडकी एकच. या वर्षी दोन्हींना पैसा पुरला नाही तर धूळयंत्र घ्यावे आणि प्लंज बेस पुढच्या वर्षी घ्यावा. तोपर्यंत पाट्या पटाशीने कोराव्यात. मुलांना ते आवडणार नाही, कारण एका पाटीला दोन-तीन शनिवार लागतील. पण पटाशीचे अक्षर वाईट असते असे कोण म्हणेल?

पालकांपैकी काहींनी घरच्या यंत्राचे बिट शाळेला देऊ केले आहेत. त्यांचे आभार, पण एक गोष्ट तपासल्याशिवाय आम्ही ते घेणार नाही. आपल्या बाजारात ६ मि.मी. आणि पाव इंच, म्हणजे ६.३५ मि.मी., अशा दोन मापांचे दांडे आणि कॉलेट मिळतात. डोळ्यांना फरक दिसत नाही. पाव इंचाच्या कॉलेटमध्ये ६ मि.मी.चा दांडा आवळला तर आवळल्यासारखा वाटतो, पण फिरताना तो सरकतो, आणि काम चालू असताना बिट आपोआप खोल जाऊ लागते किंवा सुटून निघते. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतले व्हर्नियर कॅलिपर कशाला असते असे विचारणाऱ्या दहावीच्या मुलांना हे उत्तर. प्रत्येक दांडा त्यांनीच मोजायचा आणि डबीवर माप लिहायचे. दांडा कॉलेटमध्ये तळापर्यंत घालून मग दोन-तीन मि.मी. वर ओढून आवळायचा, तळाला टेकवून नाही. बिट बदलताना वायरचा प्लग भिंतीतून काढलेला असला पाहिजे. नुसते बटण बंद असून चालणार नाही.

नववी आणि दहावीचे विद्यार्थी यंत्र चालवणार नाहीत. त्यांच्याकडे आखणी, साचे आणि मोजमाप. अकरावी-बारावीचे विद्यार्थी शिक्षकांसमोर, एका वेळी एक, आणि फळी शिकंज्याने बांधलेली असतानाच चालवतील. प्रत्येकाने आधी पाइनच्या टाकाऊ फळीवर वीस वेळा बिट उतरवून-उचलून दाखवायचे. वीसही खुणा गोल आणि सारख्या आल्या तर सागवान हाती मिळेल. ज्या पालकांना आपल्या पाल्याने यंत्र चालवू नये असे वाटते, त्यांनी तसे लेखी कळवावे. त्या मुलाला पाटीतले दुसरे काम मिळेल आणि त्याचे नाव पाटीच्या मागे तितक्याच मोठ्या अक्षरांत असेल.

नववीच्या मुलांसाठी दोन उदाहरणे देतो. पहिले: बूड १२० मि.मी. चौरस असेल आणि बिट ६ मि.मी. बाहेर असेल, तर तिरपे करून उतरवताना टोक किती सरकेल? ०.४ पेक्षा कमी की जास्त, आणि का? दुसरे: ६० अंशांच्या व्ही बिटने ४ मि.मी. रुंद फटकारा हवा असेल तर किती खोल जावे लागेल? दुसऱ्यात त्रिकोणमिती लागते, दहावीच्या ताई-दादांना विचारायला हरकत नाही. उत्तरे गणिताच्या शिक्षकांकडे द्यावीत.

आणि मराठीच्या तासाला सगळ्यांनी मिळून चौदाही नावांचे फटकारे मोजून यादी करावी. नावांची शुद्धलेखनाची तपासणीही तेव्हाच होईल, कारण लाकडावर खोडरबर चालत नाही. पाट्या करण्याचा क्रम त्या यादीवरून लागेल: 'कला' पहिली, कारण तिच्यात सरळ दांड्या जास्त आहेत. 'कार्यालय' मधोमध, त्यातला रफार बारीक आहे. 'संगीत' आणि 'ग्रंथालय' सर्वांत शेवटी.